सहा दात किडलेत की एकच? भरवशाचा डेंटिस्ट ओळखताना

प्रश्न असा आहे: दाढेत अन्न अडकतं म्हणून एका डेंटिस्टकडे दाखवलं, तर त्यांनी सहा दात किडलेत आणि त्यातल्या दोन दाढांना रूट कॅनाल लागेल असं सांगितलं. धास्ती घेऊन दुसरीकडे गेलात, तिथे उत्तर मिळालं की एक दाढ भरून घ्या, बाकी काही करायची गरज नाही. मग खरं कोण बोलतंय, आणि भरवशाचा डेंटिस्ट ओळखायचा कसा?

मी बरीच वर्षं दंतवैद्यकाची प्रॅक्टिस करते आणि असे दोन वेगवेगळे कागद हातात घेऊन आलेले पेशंट मला नेहमी भेटतात. आधी एक गोष्ट सांगते: दोघांपैकी एक लबाड असलाच पाहिजे असं नाही. सहा आणि एक या आकड्यांमधला फरक बऱ्याचदा ‘कीड कशाला म्हणायचं आणि कधी हात लावायचा’ यावरून पडतो.

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण थरातली, म्हणजे इनॅमलमधली खनिजं विरघळतात, आणि लाळेतून ती थोडीथोडी परत भरून येतात. हे रोजच चालू असतं. महिनोन्‌महिने झीज जास्त आणि भरपाई कमी होत राहिली की आधी दातावर निस्तेज पांढरा डाग दिसतो. त्याही पुढे गेलं तर पृष्ठभाग खचून खड्डा पडतो. पांढऱ्या डागाच्या टप्प्यावर कीड तिथेच थांबवता येते. फ्लोराइडची पेस्ट, गरज असेल तर क्लिनिकमध्ये लावायचं फ्लोराइड वार्निश, आणि दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं यावर लगाम. खड्डा पडून त्यात अन्न आणि जंतू साठायला लागले, ब्रश आत पोचेना, की मग दात भरून घ्यावा लागतो. आता एक डेंटिस्ट सगळे डाग मोजतो आणि दुसरा फक्त खड्डे मोजतो, तर आकडे वेगळे येणारच. भर म्हणून दाढांच्या वरच्या खाचांमध्ये काळपट रेषा असतात. त्यातल्या कितीतरी नुसते डाग असतात, वर्षानुवर्षं तशाच राहतात. तोंडात घालायच्या कॅमेऱ्याने मोठ्या पडद्यावर त्याच रेषा दाखवल्या तर कोणाच्याही पोटात गोळा येईल.

म्हणून ‘किती दात किडलेत’ यापेक्षा प्रत्येक दाताबद्दल दोन प्रश्न विचारा. खड्डा पडलाय का? आणि एक्स-रेमध्ये कीड इनॅमल ओलांडून त्याच्या आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, किती खोल गेलेली दिसते? ज्याने खरंच नीट पाहिलंय तो लगेच आरसा तुमच्या हातात देईल, एक्स-रेवर बोट ठेवून दाखवेल, आणि चारपैकी दोन दातांबद्दल ‘हे सहा महिन्यांनी पुन्हा बघू’ असंही म्हणेल. ‘पुन्हा बघू’ हे शब्द ज्याच्या तोंडी सहज येतात त्या डॉक्टरवर मी निम्मा विश्वास तिथेच टाकते. थांबायचं ठरवण्यासाठी आज काय दिसलं ते नोंदवून ठेवावं लागतं, आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहावं लागतं.

पेशंटला डॉक्टरच्या हाताची सफाई जोखता येत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. भरलेल्या दाताची कड नीट बसली आहे का, कॅपच्या खाली फट राहिली आहे का, हे तुम्हाला आरशात दिसणार नाही. पण तपासणी कशी होते ते तुमच्या डोळ्यांसमोर घडत असतं आणि त्याची पारख कोणालाही करता येते. माझा सगळा सल्ला त्यावरच बेतलेला आहे.

पहिल्या भेटीत तोंड उघडायच्या आधी बोलणं व्हायला हवं. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध घेता का, गरोदर आहात का, कशाची अ‍ॅलर्जी आहे. हाडांच्या औषधाचा दातांशी काय संबंध, असं पुष्कळांना वाटतं. त्यातली काही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून तो प्रश्न न विचारता कोणी दात काढायला बसला तर मला काळजी वाटते.

मग दातांच्या आधी बाकीचं तोंड. ओठांची आतली बाजू, गालांची अस्तरं, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू, आणि जबड्याखाली बोटांनी चाचपून गाठी. याला दोन-तीन मिनिटं पुरतात. तोंडाचा कर्करोग लवकर सापडायची ही सगळ्यात सोपी संधी असते. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा यांकडे जो दुर्लक्ष करत नाही तो डॉक्टर तुमच्याकडे माणूस म्हणून बघतोय.

त्यानंतर हिरड्या. इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. डॉक्टर एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई दात आणि हिरडी यांच्या मध्ये हलकेच सरकवतात आणि शेजारी उभ्या असलेल्या सहायकाला आकडे सांगतात: तीन, दोन, तीन; दोन, दोन, चार. सविस्तर तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हे माप घेतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार आणि त्यापुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटायला लागली आहे आणि आत हाडाचं काय चाललंय ते बघायला हवं. हे आकडे कधीच कानावर पडले नसतील, आणि तरी दर वर्षी नुसती ‘सफाई’ होत असेल, तर तुमच्या हिरड्या अजून कोणी तपासलेल्याच नाहीत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर हे आवर्जून मागून घ्यावं. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे रोग आत वाढत असतो आणि वरून सगळं बरं दिसतं.

लोकांना फसवणूक म्हटली की नको असलेली कामं गळ्यात मारणं एवढंच आठवतं. माझ्या पाहण्यात काहीच न करण्याने झालेलं नुकसानही तितकंच आहे. दाढ ठणकली की पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, पुन्हा ठणकली की पुन्हा गोळ्या, असं करत करत दात वाचवायची वेळ निघून जाते. दाताच्या आतल्या नसेला सूज आली असेल तर अँटिबायोटिकने ती उतरत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. एरवी प्रकृती ठीक असलेल्या प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, दातावर प्रत्यक्ष उपचार करावा, असा त्यांचा रोख आहे. ताप, पसरणारी सूज असं काही असेल तर गोष्ट निराळी. तसंच लहान मुलांच्या दाढांचं. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ हे उत्तर ऐकून आईबाप निश्चिंत होतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहायच्या असतात, आणि सहाव्या वर्षी सडलेली दाढ तोवर मुलाला सुखाने जेवू देत नाही.

आता रूट कॅनाल, म्हणजे मुळाच्या नळीतली नस काढून ती नळी भरणं, कारण तुमच्या सहापैकी दोन दाढा तिथे अडकल्या आहेत. नुसतं तोंडात बघून किंवा एकट्या एक्स-रेवरून हा निर्णय सहसा होत नाही. नस जिवंत आहे का, सुजली आहे का, मेली आहे का, हे तपासायचे साधे मार्ग आहेत. कापसाच्या बारीक बोळ्यावर थंड फवारा मारून तो बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावतात, म्हणजे तुमची नेहमीची संवेदना किती ते कळतं. मग संशयाच्या दाताला लावतात. कळ आली आणि बोळा काढल्याबरोबर गेली, तर नस बहुधा सावरण्याजोगी आहे. बोळा काढूनही कळ रेंगाळत राहिली, किंवा रात्री आपोआप ठणका लागून झोपमोड होते, तर नस सावरायच्या पलीकडे गेलेली असू शकते. काहीच जाणवलं नाही तर ती मेली असण्याची शक्यता. याच्या जोडीला दातावर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून बघतात, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी हाड विरघळलंय का ते पाहतात. एवढं सगळं जुळलं की मग रूट कॅनाल.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, वरच्या तीन दाढा दुखतात म्हणून. तिन्हींना रूट कॅनाल सुचवलेलं होतं. ठोकलं की तिन्ही दुखत होत्या, हे खरं. पण थंड बोळ्याला तिन्हींचं उत्तर अगदी स्वच्छ होतं आणि एक्स-रेत कीड नव्हती. मी त्यांना खुर्चीतून उठवून जमिनीकडे वाकायला सांगितलं, तर त्या गालावर हात ठेवून कळवळल्या. आठवड्यापूर्वी सर्दी झाली होती. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला लागून असतात, त्यामुळे सायनस भरला की दाढाच दुखताहेत असं वाटतं. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं आणि दाढा तशाच शाबूत राहिल्या. थंड बोळ्याची तपासणी व्हायला मिनिटभर लागतं. ती न करता कोणी ‘नस काढावी लागेल’ म्हणत असेल तर सरळ विचारा: थंडाची टेस्ट केली का? शेजारचा दात कसा आहे?

प्रत्यक्ष रूट कॅनाल करताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. सॅनफर्ड बार्नम नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने १८६४ मध्ये तो वापरात आणला, म्हणजे यात नवलाईचं काही नाही. लाळेतले जंतू उघड्या नळीत जाऊ नयेत, आत धुवायला वापरलेलं औषध घशात उतरू नये, आणि नळी साफ करायची सुईसारखी बारीक फाइल हातातून सुटली तरी ती श्वासनलिकेत जाऊ नये यासाठी तो असतो. रूट कॅनालला रबर डॅम लावणारा डॉक्टर मी डोळे झाकून निवडेन, मग त्यांचं क्लिनिक कितीही साधं असो. किती बैठकांत काम संपवलं याला फारसं महत्त्व नाही. काम झाल्यावर शेवटचा एक्स-रे दाखवायला सांगा. भरलेली पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या जवळ पोचलेली आणि सलग दिसायला हवी. ती आधीच अर्ध्यावर थांबली असेल तर का थांबली, याचं उत्तर मिळायला हवं. उत्तर असू शकतं. काही मुळं इतकी वाकडी किंवा आक्रसलेली असतात की टोक गाठता येत नाही. दाढेचं रूट कॅनाल झाल्यावर बहुतेक वेळा कॅप लागते, कारण आधीच पोखरलेली दाढ चावताना चिरू शकते. तेवढ्यावरून डॉक्टर पैसे काढतोय असा संशय घेऊ नका. चांगल्या, धड दाताला कॅप किंवा व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) सुचवला तर मात्र थबका. कॅप बसवायला दात सगळीकडून ठिकठिकाणी मिलिमीटर-दीड मिलिमीटर घासावा लागतो, आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. नुसता रंग बदलायचा असेल तर आधी दात न घासता करता येण्याजोगे उपाय कोणते, ते विचारा.

स्वच्छतेबद्दल विचारायला लोक संकोचतात. विचारायलाच हवं. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं राहावी लागतात. गरम होण्याचा आणि सुकण्याचा वेळ वेगळा. पाकिटात सीलबंद ठेवलेली हत्यारं तुमच्यासमोर फोडली जावीत. पाकिटावरची खूण रंग बदलते त्यावरून पाकीट उष्णतेतून गेलंय एवढंच कळतं. आतले जंतू खरंच मेले का हे बघण्यासाठी मशिनची ठरावीक काळाने जिवाणूंचे बीजाणू घालून चाचणी घेतात, तिला स्पोअर टेस्ट म्हणतात. ‘तुम्ही स्पोअर टेस्ट करता का?’ असं विचारल्यावर समोरची व्यक्ती उत्साहाने सांगायला लागते की चिडते, त्यावरून बरंच काही कळतं. आणखी एक गोष्ट म्हणजे ड्रिल ज्यात बसवतात तो हँडपीस. तो प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा, स्पिरिटने पुसून चालत नाही, कारण लाळ आणि रक्त त्याच्या आत ओढलं जाऊ शकतं. ग्लोव्हज घातलेल्या हाताने डॉक्टरांनी फोन उचलला, ड्रॉवर उघडला आणि तोच हात पुन्हा तुमच्या तोंडात आला, तर ग्लोव्हज बदलायला सांगा. मला कोणी असं सांगितलं तर मला त्याचा राग येणार नाही.

एक्स-रेला घाबरणारे पेशंट खूप असतात आणि गरज नसताना काढणारे डॉक्टरही असतात. दातांच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सार आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतो साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे दोन दाढांच्या मधली कीड शोधायला तो काढलाच पाहिजे. तिथे डोळा पोचत नाही. दर भेटीला, तपासणीच्या आधीच, सरसकट सगळ्यांचा काढणं मात्र बरोबर नाही. आधी बघावं, मग कशासाठी हवा ते सांगावं, मग काढावा.

दर सहा महिन्यांनी यायलाच हवं का, हेही नेहमी विचारतात. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये प्रौढांसाठी हे अंतर धोक्यानुसार ३ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत ठेवायला सांगितलं. कीड वारंवार होते, मधुमेह आहे, हिरड्या सैल आहेत, तर लवकर. वर्षानुवर्षं काही झालेलं नाही, तर उशिरा. तुम्हाला कधी बोलावलंय आणि का, हे डॉक्टरांना सांगता यायला हवं.

पदवी आणि नोंदणी एकदा तपासून घ्या, त्यात वेळ जात नाही. इंटरनेटवर लोकांनी दिलेले तारे वाचून क्लिनिक वेळेवर उघडतं का, बोलणं कसं आहे, एवढं समजतं. मुळाचं टोक गाठलं का ते तारे देणाऱ्यांनाही माहीत नसतं. महागडी यंत्रं चांगल्या हातात चांगलीच असतात, पण यंत्र कोणाला प्रामाणिक बनवत नाही. अवघड केस आली की ‘हे मी करणार नाही, अमुक तज्ज्ञाकडे पाठवतो’ म्हणणारा डॉक्टर मला या सगळ्याहून मोलाचा वाटतो.

पैशाचं बोलणं कागदावर हवं: कोणता दात, काय करायचं, का, दुसरा पर्याय काय, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. शेवटचं कलम बहुतेक कागदांवर नसतं, ते मुद्दाम विचारा. ‘आजच्या आज ठरवलं तर सूट’ असं ऐकलं की उठून या. किडलेल्या दाताला दोन-चार दिवसांनी फारसा फरक पडत नाही, पण तुम्हाला विचार करायला ते दोन-चार दिवस पुरतात.

विचार करायला वेळ नसण्याचेही प्रसंग असतात, ते वेगळे काढून ठेवा. गालाला किंवा जबड्याखाली सूज पसरत चालली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दुसरं मत वगैरे शोधत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घाण लागली असेल तर क्षणभर धुऊन लगेच खाचेत परत बसवा. ते जमलं नाही तर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत, जितकं लवकर जमेल तितकं, डेंटिस्टकडे पोचा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो.

आता तुमचे सहा दात. पहिल्या डॉक्टरांकडून एक्स-रे आणि दातांच्या क्रमांकांसह लिहिलेली यादी मागून घ्या. तुमच्या तपासणीची प्रत मागायला काहीच हरकत नाही, आणि चांगला डॉक्टर ती कुरकुर न करता देतो. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता का ते आठवा. न काढता ‘बाकी काही नाही’ म्हणाले असतील तर त्यांचं मतही अर्धवटच आहे. मग तिसरीकडे जाताना एक्स-रे द्या, पण आधीच्या दोघांनी काय सांगितलं ते त्यांची तपासणी संपेपर्यंत सांगू नका. ज्या दाढेत अन्न अडकतं तिच्याबद्दल दोघांचं एकमत आहे, तेव्हा ती आता भरून घ्या. रूट कॅनाल सांगितलेल्या दोन दाढांची थंड बोळ्याची आणि ठोकून बघायची तपासणी करून घ्या, आणि निकाल कागदावर लिहून मागा. रात्री ठणका लागत असेल तर यात दिवस घालवू नका. उरलेल्या तीन दातांबद्दल ‘खड्डा आहे का’ एवढंच विचारा. नसेल, तर रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, दोन जेवणांच्या मध्ये गोड खाणं-पिणं बंद, आणि ठरलेल्या तारखेला आजच्या एक्स-रेशी ताडून पुन्हा तपासणी.